पॅसेज ‘सोडवू’ नका, आधी वाचा!

‘बाकी सगळं जमतं, ते पॅसेजवालं सोडून.’ क्लॅट देणाऱ्याला विचारा, सीयूईटी देणाऱ्याला विचारा, बीबीए-बीएमएसच्या सीईटीला बसणाऱ्याला विचारा, उत्तर हेच येतं. त्यावरचा उपायही सगळ्यांना पाठ असतो. आधी प्रश्न वाच, मग पॅसेजमध्ये कीवर्ड शोध, त्याच्या मागचं-पुढचं वाक्य बघ, ऑप्शन टिक कर, पुढे चल. क्लासचे सर हेच सांगतात, यूट्यूबवरचे भैया हेच सांगतात, गेल्या वर्षी परीक्षा दिलेली शेजारची ताईही हेच सांगते. माझं म्हणणं असं की, हा सल्ला बोर्डाच्या पेपरला चालून जातो, पण एन्ट्रन्सला तो तुम्हाला खड्ड्यात घालतो.

बोर्डाची आपली सवय आठवा. इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत उतारा येतो, त्याखाली वेब पूर्ण करा, चूक की बरोबर ते सांगा, वाक्यं पूर्ण करा. अनुमानाचा आणि स्वतःच्या मताचा प्रश्नही असतो, नाही असं नाही. पण आपण तो कसा लिहितो? उताऱ्यातली दोन वाक्यं उचलायची, पुढे ‘आय थिंक’ जोडायचं, झालं काम. उत्तर उताऱ्यात कुठेतरी ठेवलेलंच आहे आणि आपण फक्त ते हुडकायचं, ही समजूत बारावीपर्यंत इतकी पक्की होते की, बोर्डात इंग्रजीला भरघोस मार्क मिळवणारी पोरंही पहिल्या मॉक टेस्टमध्ये गडबडतात. मग घरी एकच निदान होतं, ‘इंग्रजी कच्चं आहे.’ की लगेच व्याकरणाचा क्लास. बिचारं व्याकरण!

आधी या परीक्षांचा आकार बघा. देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी (आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत) जी क्लॅट होते, ती २०२० पासून पॅसेजवर उभी आहे. इंग्रजीचा विभाग सुमारे वीस टक्क्यांचा, पण कायदा, तर्क, चालू घडामोडी, अगदी गणितसुद्धा पॅसेज वाचूनच सोडवायचं. सध्या १२० प्रश्न आणि १२० मिनिटं. पॅसेज साडेचारशे शब्दांपर्यंतचे. एका पॅसेजवर पाचेक प्रश्न धरले तर वीस-पंचवीस पॅसेज, म्हणजे दहा हजारांच्या आसपास शब्द. मिनिटाला दोनशे शब्द वाचलेत तरी पन्नास मिनिटं नुसत्या वाचनात जातात. सीयूईटी २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या इंग्रजी भाषेच्या पेपरातही माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक असे उतारे असतात. आणि आपल्या राज्यातलं ताजं प्रकरण म्हणजे बीबीए, बीसीए, बीएमएस. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि २०२४ पासून त्यांना सीईटी लागू झाली. तिथे १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे. (सीईटी टाळायला अभ्यासक्रमाचं नावच बदलण्याचे प्रकार झाले, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

हे आकडे बघून पोरं घाबरतात आणि वेग वाढवायच्या मागे लागतात. तिथेच गाडी रुळावरून उतरते. कारण वेळ कुठे जातो ते एकदा प्रामाणिकपणे मोजा. पहिल्या वाचनात तो जात नाही. तो जातो दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाचनात. कीवर्ड शोधत वर-खाली करणारा मुलगा एकच पॅसेज तुकड्यातुकड्यांत चार वेळा वाचतो आणि तरीही शेवटी लेखक नेमकं काय म्हणाला हे त्याला सांगता येत नाही.

आता एक छोटा प्रयोग करू. खालचा उतारा मी या लेखापुरता लिहिलाय, त्यातली मतं माझी समजू नका. उतारा मुद्दाम मराठीत आहे.

‘जुन्या डबलडेकर बस २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा मुंबईकर हळहळले. शेवटच्या फेरीला गर्दी झाली, फोटो निघाले. ही हळहळ खोटी नव्हती. पण तिच्यात रोज बसने जाणारा प्रवासी फारसा नव्हता. त्याला बस वेळेवर हवी होती; ती एकमजली की दुमजली, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शहरानं आठवणी जपाव्यात, हे मान्य. मात्र त्या जपण्याचा भार कोणी सोसायचा, हे न विचारता केलेली जपणूक हा निव्वळ शौक ठरतो.’

प्रश्न : लेखकाला कोणतं विधान पटेल? (अ) जुन्या डबलडेकर बंद करणं चूक होतं. (ब) मुंबईकरांची हळहळ हा दिखावा होता. (क) आठवणी जपण्यावर शहरानं पैसा घालवू नये. (ड) काय जपायचं हे ठरवताना त्याचा भार कोणावर पडतो, तेही बघायला हवं.

‘ड’ हे उत्तर बऱ्याच जणांना मिळालं असेल. पण ‘ब’ किंवा ‘क’वर तुमचं बोट क्षणभर थांबलं की नाही? ‘ब’ खोडायला उताऱ्यात एक स्पष्ट वाक्य आहे, ‘ही हळहळ खोटी नव्हती’, तरी ते मोहात पाडतं, कारण लेखकाचा एकूण सूर थोडा खवचट आहे. ‘क’ त्याहून वस्ताद. लेखक म्हणतो, भार कोणावर ते विचारा. ‘क’ म्हणतं, खर्चच करू नका. लेखक एक पाऊल चालला आणि ऑप्शन चार पावलं पुढे जाऊन बसला. आणि ‘अ’? ते उताऱ्यात कुठेच नाही. ते तुमच्या मनात आहे, कारण डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाल्याचा आनंद तुम्हालाही ठाऊक आहे.

बघा, इंग्रजीचा एक शब्दही नव्हता, तरी फसायला पुरेशी जागा होती. इंग्रजी पॅसेजच्या खालचे चुकीचे ऑप्शन्स असेच बनवलेले असतात. एक जगात खरा असतो, पण उताऱ्यात नसतो. एक उताऱ्यातलेच शब्द उचलून अर्थ फिरवतो. एक ‘ऑल्वेज’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असा अतिरेकी शब्द घुसवतो. सगळ्यात छळवादी तो, जो पूर्ण खरा असतो, उताऱ्यातही असतो, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. कीवर्ड शोधणारा नेमका या शेवटच्याला बळी पडतो. शब्द जुळला की त्याला वाटतं, सापडलं!

मग इंग्रजीचा काही संबंधच नाही का? आहे ना. पण तो कुठे आहे ते क्लासवाले सहसा सांगत नाहीत. आपण मराठीत क्रियापद शेवटी ठेवतो आणि वाक्य तिथपर्यंत धीरानं ऐकतो. इंग्रजी क्रियापद आधी टाकून देते आणि मग त्याला ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ची शेपटं जोडत बसते. कधी कर्त्यालाच दोन ओळींचं शेपूट असतं आणि क्रियापद तिसऱ्या ओळीत उगवतं. तोवर कोण काय करत होतं, ते आपण विसरलेलो असतो. यावर साधा उपाय आहे. लांब वाक्य आलं की आधी क्रियापद पकडायचं, मग ते कोणाचं आहे ते बघायचं, शेपटं शेवटी.

दुसरी गोष्ट म्हणजे बारके शब्द. ‘फ्यू पीपल’ म्हणजे जवळपास कोणीच नाही आणि ‘अ फ्यू पीपल’ म्हणजे थोडे तरी आहेत. एका ‘अ’नं लेखकाचा सूर पालटतो आणि मराठीत आर्टिकल हा प्रकारच नसल्यानं आपला डोळा त्यावरून घसरत जातो. ‘हार्डली’चा ‘हार्ड’शी, म्हणजे कष्टाशी, काही संबंध नाही. ‘कॅन हार्डली बी कॉल्ड अ फेल्युअर’ म्हणजे त्याला अपयश म्हणणं कठीण. ‘नॉट अनलाइक्ली’ म्हणजे शक्यता बऱ्यापैकी आहे. ‘हाउएव्हर’, ‘येट’, ‘ऑल्दो’ हे शब्द तर गाडीच्या इंडिकेटरसारखे असतात, लेखक इथे वळतोय. आणि बहुतेकदा प्रश्न त्या वळणावरच असतो.

या पार्श्वभूमीवर तीन हजार शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांची मला कीव येते. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, असं यादीत लिहिलेलं असतं. पॅसेजमध्ये मात्र ‘क्वालिफाइड सपोर्ट’ येतं आणि त्याचा अर्थ असतो हातचं राखून दिलेला पाठिंबा. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेखही आणि नजरचुकीनं राहिलेली गोष्टही. यादी तुम्हाला एक अर्थ देते, पॅसेज दुसरा वापरतो आणि तुम्ही पूर्ण आत्मविश्वासानं चुकता.

सध्या मी डेस्कवर इंटर्नशिप करतेय. एजन्सीची इंग्रजी बातमी आली की ती मराठीत करायची, हे माझ्या वाट्याचं काम. न्यायालयाच्या बातमीत ‘द कोर्ट रिफ्यूज्ड टू स्टे द डिमॉलिशन’ असं वाक्य येतं. यात ‘स्टे’चा राहण्याशी संबंध नाही, तो स्थगितीचा स्टे. न्यायालयानं स्थगिती द्यायला नकार दिला, म्हणजे पाडकाम सुरू राहणार. म्हणजे रात्री कुणाच्या तरी घरावर बुलडोझर जाणार. एका शब्दाचा अर्थ उलटा धरला तर बातमी उलटी छापून येईल. आमच्या डेस्कवर एक रिवाज आहे. भाषांतराला हात घालण्याआधी सीनिअर विचारतात, ‘काय झालंय ते दोन वाक्यांत सांग, कॉपीकडे न बघता.’ सांगता आलं तर टाइप करायचं, नाही तर परत वाचायचं. मला वाटतं, पॅसेजचा याहून चांगला सराव कुठल्याही क्लासमध्ये मिळत नसेल. आणि हे सांगणं अर्थातच मराठीत असतं. समजलंय का, हे तपासायला तुमची स्वतःची भाषा सगळ्यात कडक परीक्षक आहे. इंग्रजीतलं वाक्य इंग्रजीतच घोळवत राहिलात की न समजताही समजल्यासारखं वाटतं.

आता थोडं कडू बोलते. वाचनाच्या प्रश्नांत उत्तर समोरच्या कागदावर असतं, त्यामुळे हा सगळ्यात न्याय्य प्रश्नप्रकार, असं म्हणतात. अर्धं खरं आहे. घरात दोन इंग्रजी पेपर येतात अशा मुलीला क्लॅटचा पॅसेज ओळखीचा वाटतो, ती त्याच सुरातली भाषा दहा वर्षं नाश्त्याबरोबर ऐकत आलेली असते. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजमधल्या मुलीला तो पॅसेज पहिल्यांदा भेटतो तो थेट मॉक टेस्टमध्ये. दोघींची तर्कशक्ती तीच असेल, पण घड्याळ एकीसाठी जास्त जोरात पळतं. नीट मराठीतून देता येते, जेईई मेन मराठीतून देता येते, राज्याच्या विधी सीईटीलाही मराठीचा पर्याय आहे. मग क्लॅट फक्त इंग्रजीत का? उत्तर तयार असतं : राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं, विद्यापीठात शिकवणंही इंग्रजीत. मान्य. म्हणून इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच ठेवा, त्यात सूट मागू नये या मताची मी आहे. पण कायद्याचा तर्क आणि सर्वसाधारण तर्क तपासणारे विभाग भारतीय भाषांत द्यायला काय हरकत आहे? आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तिथे उभं राहणारा वकील तर्कात पक्का असावा लागतो आणि त्या अशिलाचं म्हणणं त्याला कळावं लागतं. ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरायला हवी. फीवाढीवर मोर्चे निघतात, यावर कोणी बोलत नाही.

पण तोवर परीक्षा आहे तशीच होणार आणि फॉर्म तुम्हाला भरायचाय. म्हणून कामाचं बोलू.

पहिला महिना टायमर बंद. रोज एक पॅसेज, एकच. प्रत्येक परिच्छेदासमोर मराठीत एक ओळ, लेखक इथे काय करतोय : दावा करतोय, उदाहरण देतोय, दुसऱ्याचं मत मांडून ते खोडतोय. मग प्रश्न. उत्तर चुकलं की बरोबर उत्तर बघून ‘अच्छा’ म्हणत पुढे जाऊ नका, चुकलेला ऑप्शन आपल्याला का आवडला ते वहीत लिहा. पंधरा-वीस दिवसांत त्या वहीत तुमचा स्वतःचा पॅटर्न दिसायला लागेल. कोणी कायम अतिरेकी शब्दावर फसतं, कोणी स्वतःचं मत लेखकाच्या तोंडी घालतं. हे निदान कुठल्याही टेस्ट सीरिजच्या रंगीत ग्राफमधून होत नाही. टायमर दुसऱ्या महिन्यात लावा, तोही हळूहळू आवळत.

पैसे घालवायची घाई नको. क्लॅटचे जुने पेपर घेणाऱ्या संस्थेच्याच साइटवर आहेत. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. त्यातलं अकरावीचं राज्यशास्त्राचं ‘पॉलिटिकल थिअरी’ घ्या. सोप्या इंग्रजीत गुंतागुंतीचा युक्तिवाद कसा मांडतात ते त्यात दिसतं, आणि क्लॅटवाल्यांना त्याचा दुहेरी उपयोग. तुमच्या गावात सार्वजनिक वाचनालय असेलच. तिथे इंग्रजी पेपर येत असेल तर संपादकीय पानावरचा एक लेख रोज वाचा, येत नसेल तर मागणी नोंदवा. आणि मराठी अग्रलेख? तेही वाचा. जो मराठीतला हजार शब्दांचा युक्तिवाद शेवटपर्यंत वाचत नाही, त्याला इंग्रजीतला साडेचारशे शब्दांचा झेपेल, ही अपेक्षाच गंमतशीर आहे.

एक बारीक गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. क्लॅट कागदावर होते, तिथे अधोरेखित करता येतं. सीयूईटी कॉम्प्युटरवर, तिथे नाही. त्यामुळे सीयूईटीचा सराव प्रिंट काढून करणाऱ्यांना परीक्षेच्या दिवशी हात बांधल्यासारखं वाटतं. जी परीक्षा स्क्रीनवर, तिचा सराव स्क्रीनवरच करा, मोबाइलवर नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला कुलूप असेल तर ते उघडून घ्या, ती तुमच्याच फीमधून उभी राहिलेली आहे.

निगेटिव्ह मार्किंगची भीतीही जरा गणितानं तपासा. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला एक, चुकीला वजा पाव. चारपैकी दोन ऑप्शन तुम्ही कारणासकट खोडले असतील आणि उरलेल्या दोघांत डोळे मिटून टिक केलं, तरी सरासरी हिशेब अधिकमध्येच राहतो. सीयूईटीत बरोबरला पाच, चुकीला वजा एक, म्हणजे तिथे तर सोडून देणं आणखी महाग. ‘कारणासकट’ हा शब्द मात्र गाळू नका.

शेवटचं, एकट्यानं सराव करणं कंटाळवाणं होतं, म्हणून तिघं-चौघं जमा. एक पॅसेज, सगळ्यांनी वेगवेगळं सोडवायचं आणि मग भांडायचं. ‘सी का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवूनच द्यायचं, ‘मला वाटलं’ चालणार नाही. ज्याला ओळ दाखवता आली नाही, त्यानं त्या दिवशीच्या चहाचे पैसे द्यायचे.